उलटे येणारे प्रोटॉन

सिग्नलला दोन बस शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि पलीकडच्या बसच्या खिडकीत ताई होती. माझी काच बंद, तिची उघडी. मध्ये हातभर अंतर. डोक्यात कालपासून एका आलेखाचा तळ घोळत होता, त्यामुळे आधी मला नुसता एक ओळखीचा कान दिसला. आईचा कान. वाटणी झाली तेव्हा तो कान ताईकडे गेला आणि बाबांचे फताडे पाय माझ्याकडे आले, असं आम्ही दोघी लहानपणापासून म्हणत आलोय. मग त्या कानाला गाल आला, चष्मा आला, आणि मी हसले. 'ताई!' म्हणाले, म्हणजे काचेआड नुसतं तोंड उघडलं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसावरून नजर घसरते तशी तिची घसरली नाही. ती नजर आली, थांबली, तिनं मला ओळखलं. मांडीवर गडद रंगाची पिशवी होती, ती तिनं एका हातानं पोटाशी घेतली आणि दुसऱ्या हातानं खिडकीची काच ओढून लावली. सिग्नल सुटला. तिची बस आधी निघाली, बसच्या अंगावरची पाटी माझ्या नाकासमोरून सरकत गेली, 'नदीपलीकडचा स्टँड', आणि मग त्या जागी सिमेंटचा ट्रक येऊन उभा राहिला.

मला वाईट वाटलं. काळजी नव्हे, वाईट. अगदी शाळेतल्यासारखं, मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या घोळक्यात आपल्याच बहिणीनं ओळख दाखवली नाही तर वाटतं तसं. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण बसच्या सीटवर एकदम फ्रॉकमध्ये बसल्यासारखी झाले. काय केलं मी हिचं? परवाच्या फोनवर काही लागेल असं बोलले का? हा विचार चघळून झाल्यावर मग दुसरा आला: ताई एकटी? आणि बसमध्ये? ताईला चक्कर येते. कित्येक वर्षं ती एकटी बाहेर पडत नाही. भाऊजी तिला गाडीनं नेतात, दाराशी सोडतात, दाराशी उभे राहून परत आणतात. ओळखीच्या बायका हेवा करतात. नवरा असावा तर असा, म्हणतात. मीही म्हटलंय, माझ्या नवऱ्यासमोर, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

स्टॉपवर उतरते तोच फोन वाजला. भाऊजीच.

"काय अणुबाई, आज काय फोडायचा बेत?"

हा विनोद माझ्या पहिल्या नोकरीइतका जुना. माझं उत्तरही ठरलेलं.

"फोडत नाही हो भाऊजी. नुसतं घासून जातो."

"घासा नाहीतर पुसा, विजेचं बिल शेवटी आमच्याच खिशातून." ते हसले, मीही हसले. "बरं, ताई आलीय का गं तुझ्याकडे?"

"नाही. पण आत्ता दिसली की. सिग्नलला, बसमध्ये."

"बसमध्ये."

"हो ना, नदीपलीकडच्या स्टँडच्या. मी हाक मारली तर बाईसाहेबांनी काच लावून घेतली. भांडलात की काय?"

मग भाऊजींचा आवाज आला, तसाच हसरा. फक्त हसू मागे राहिलं होतं आणि शब्द पुढे निघून आले होते.

"एकटीच होती?"

"एकटी. म्हणजे शेजारचं काही मला दिसलं नाही."

"हातात काय होतं?"

"पिशवी."

"केवढी?"

मी सांगितलं, केवढी. रंगही सांगितला. त्यांनी चष्म्याचं विचारलं, ते सांगितलं. इतके नेमके प्रश्न आमच्या मीटिंगमध्येसुद्धा कोणी विचारत नाही.

"फोन घरीच विसरलीय बघ, वेंधळी," ते म्हणाले. "बरं झालं तुला दिसली. तुझ्यासारखा डोळा नाही हो कुणाचा."

आणि मी खूश झाले. प्रयोगशाळेच्या फाटकातून आत शिरताना माझी चाल हलकी होती. भाऊजींनी शाबासकी दिली की मला अजून तसंच होतं. ते आमच्या घरी आले तेव्हा मी शाळेत होते. सायकल त्यांनी शिकवली. सीट धरून मागे पळायचे आणि कधी सोडलं ते सांगायचे नाहीत. मी मागे वळून पाहिलं की लांब उभे राहून हसत हात हलवायचे. घरात एवढं हसणारं माणूस आम्ही तोवर पाहिलं नव्हतं. बाबांच्या घरात हसायचं म्हणजे दार लावून. हा माणूस आला आणि त्यानं आईलासुद्धा तोंडावर पदर धरायला लावलं. त्याला काही लपवून ठेवावं हे माझ्या मनात येणं शक्यच नव्हतं. आणि शिवाय माझा धंदा. जे दिसलं ते सांगायचं, दिसलं तसं सांगायचं, आणि विचारणाऱ्याला ते कशासाठी हवंय ते विचारायचं नाही. एवढी वर्षं हेच केल्यावर त्याचं हाड होतं अंगात. दुसऱ्या कुणा बाईनं, भाजीवालीनं, शिंपिणीनं, आधी विचारलं असतं: का हो, काय झालं? मी पाटीवरची अक्षरं वाचून दाखवली.

आमची खोली तळघरात आहे. खिडकी नाही, यंत्रांसाठी केलेली थंडी आणि त्या थंडीत तापलेल्या धुळीचा वास. प्रयोग कधीच संपला. आता नुसतं त्याचं उत्खनन. या कामाबद्दल कोणी विचारलं तर मी घराचं उदाहरण देते. समजा एक घर आहे, पापणी लवायच्या आत पडणारं. अशी घरं जगात कुठं आपोआप सापडत नाहीत, ती घडवावी लागतात आणि घडल्या घडल्या भन्नाट वेगानं सोडावी लागतात. त्याचं नाव केंद्रक; अणूच्या पोटातलं, पण नेहमीचं नव्हे, न्यूट्रॉनांची नको इतकी गर्दी झालेलं, कसंबसं एकत्र राहिलेलं. आतल्या खोल्या कशा आहेत ते बघायला आत जाता येत नाही. मग आम्ही त्याच्या वाटेत एक पातळ प्लास्टिकचा पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्यात जड हायड्रोजन असतो, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन, एकमेकांचा हात सैल धरून उभे. ते घर त्यांना घासून जातं, आणि जाता जाता न्यूट्रॉनला आत ओढून घेतं. प्रोटॉनचा हात रिकामा. तो उलटा येतो, मागे, जिथं आम्ही सिलिकॉनच्या पातळ चकत्यांचं कडं, म्हणजे आमचे डिटेक्टर, लावून बसलेलो असतो. आत नेलेल्याला कुठं बसवलं, तळमजल्यावर की माळ्यावर, ते त्या परतलेल्याला विचारायचं. बोलत काहीच नाही तो. अंगात किती जोर उरलाय तेवढंच दिसतं. आतल्याला नीट जागा मिळाली असेल तर हा जोरात येतो. आणि घर वरपर्यंत भरून आता विस्कटणारच अशा बेताला आलं असेल तर हा इतका हळू येतो, की डिटेक्टरला त्याचा स्पर्श जेमतेम कळतो. बातमी जितकी वाईट तितका आवाज बारीक. पाहुण्यांसमोर हे वाक्य मी बऱ्याचदा टाकलंय, टाळीही मिळालीय.

आता डिटेक्टर स्वतःशीही पुटपुटत असतात. कुणी आलं नाही तरी उगाच कुजबुज, तारांची, उष्णतेची. त्यासाठी एक रेघ ठरवायची: हिच्या खालचं काही मोजायचं नाही. थ्रेशोल्ड. ती रेघ या प्रयोगात मी ठरवली होती आणि जरा वरच ठेवली होती, कारण खालचा गाळ आला की सगळा आलेख घाण दिसायचा. माझ्या आलेखात सगळी शिखरं सुबक, मधल्या दऱ्या स्वच्छ. ते आमच्या थिअरीवाल्याला पसंत नव्हतं. थिअरीवाला म्हणजे शेजारच्या खोलीतला माझ्याच वयाचा एक जाडा गृहस्थ. आयुष्यात एकही तार जोडलेली नाही, पण निसर्गानं कुठं काय ठेवलं असणार हे खुर्चीत बसून सांगतो आणि चिडवायला म्हणून की काय ते बरोबर येतं. आज तो माझ्या आधीच येऊन माझ्या खुर्चीत बसला होता.

"तुझं हे केंद्रक फार सुखी दाखवतेयस तू," तो म्हणाला. "एवढं सुखी कुणी नसतं."

"ऊठ. खुर्ची गरम करून ठेवलीस."

"खरं सांगतो. हे घर म्हणजे पाहुणे यायच्या आधी सगळं कपाटात कोंबलेलं घर. खाली बघ गं. रेघ खाली घे. मी म्हणतो ती पातळी, तुझ्या भाषेत तो माळा, तिथंच असणार, फुटायच्या अगदी काठावर."

"तिथं नुसता गोंगाट आहे."

"मग पुढच्या डिटेक्टरशी जोड लाव ना. शिकवू?"

"चहा आण."

तो गेला. कपाट या शब्दाशी मी थांबले. गेल्या थंडीत ताईनं एक बोचकं माझ्या हातात दिलं होतं: तिची लोकरीची शाल, आईचे दोन फोटो, तिच्या शिक्षणाची प्रमाणपत्रं एका प्लास्टिकमध्ये. 'तुझ्याकडे राहू दे, इथं कपाटात जागा नाही.' भाऊजी तेव्हा खाली गाडी काढायला गेले होते. मी म्हटलं, बरं. आणि बाथरूमला जाताना तिच्या खोलीतलं उघडं कपाट पाहिलं, अर्धं रिकामं. पाहिलं ते पाहिलंच. मनात नोंदही झाली असणार, नाहीतर आज कुठून आली? पण तेव्हा मी त्याचं काही केलं नाही. रेघेच्या खालचं होतं ते.

मी थ्रेशोल्ड खाली घेतला आणि सगळा डेटा पुन्हा वाचायला लावला. तळाशी एक काळीभोर भिंत उभी राहिली, नुसती कुजबुज, बारक्या बारक्या ठिपक्यांची. कुणी अनोळखी माणूस म्हणाला असता, बघा, इथं काही नाही. असल्या भिंतीत शोधायची एक रीत आहे. एकटा ठिपका खोटा. पण मागे ठिपका पडला त्याच क्षणी पुढच्या बाजूला ते जड केंद्रक गेल्याचीही खूण असेल, तर जोडी जमली, ती ठेवायची. जोडी नसलेले सगळे पुसायचे. यंत्राला मी तेवढं सांगितलं आणि ते हळूहळू पुसायला लागलं.

त्याच बाथरूमला आतून कडी नव्हती. हे आता आठवलं. कडीच्या जागी स्क्रूची भोकं होती, पांढऱ्या लांबीनं बुजवलेली, वरून बोटानं सारखी केलेली, बोटाची रेघ उमटलेली. मी बाहेर आल्यावर म्हटलं होतं, काय हो भाऊजी, कडी पळवली कुणी? तर ते म्हणाले, "अगं हिला चक्कर आली न् आत अडकून पडली म्हणजे? दार फोडायला तुझे अणू बोलावू?" सगळे हसलो. ताईही हसली, पण आम्ही हसून संपल्यावर, त्यांच्याकडे एकदा बघून. एकट्या कडीला काही अर्थ नाही. चक्कर येणाऱ्या माणसाच्या घरी कडी काढतातच. कपाटालाही एकट्याला नाही. पण दोन्ही एकाच घरातले.

ताईला चक्कर आलेली मी कधी पाहिलीय? मी खुर्चीत मागे टेकले आणि शोधायला लागले. आईच्या आजारपणात ती रात्रंदिवस उभी होती, तेव्हा नाही. लग्नांत, हॉस्पिटलांत, जिन्यांत, कुठंच नाही. चक्कर येते हे मला नेहमी भाऊजींनीच सांगितलेलं. चारचौघांत बसले की ते तिचं मनगट हातात घेतात, 'डॉक्टर नाडी बघतोय' म्हणतात, आणि मग सोडत नाहीत. गप्पा चालू, विनोद चालू, आणि ते मनगट तसंच. त्या हातानं तिला कप उचलता येत नाही म्हणून ती डाव्या हातानं पिते. ताई डावखुरी नाही. एवढी वर्षं मी ते बघतेय, आणि 'काय गोड जोडपं' याच्या पलीकडे माझी मजल गेलेली नाही.

आणि तिचे फोन. फोनमध्ये हल्ली घुमतं, तिचा शब्द संपला की त्याची सावली ऐकू येते. मी नवऱ्याला म्हणायचे, यांच्या घराला रेंजच नाही. रेंजचं ते नव्हतं. फोन स्पीकरवर असला म्हणजे तसं घुमतं. 'काय चाललंय?' 'काही नाही गं, सहज.' 'तब्येत?' 'छान.' तिचं बोलणं वर्षानुवर्षं बारीक होत गेलं, आणि मी ते वयावर टाकलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला कधीतरी ती मध्येच म्हणाली होती, "हल्ली बसला सुट्टे चालतात का गं, की कार्डच लागतं?" पाठीमागून भाऊजींचा हसरा आवाज आला, "कुठं निघाली महाराणी?" आणि ती म्हणाली, "काही नाही, टीव्हीवर दाखवत होते." मी तिला उत्तर दिलं होतं. सुट्टे चालतात, म्हटलं, पुढच्या दारानं चढायचं. म्हणजे बस मीच तिला सांगितली. आणि आज सकाळी तीच बस मी त्यांना सांगितली.

मी ताईचा नंबर लावला. विचार करून नव्हे. बोटं आपोआप गेली. रिंग झाली आणि उचलला.

"बोला, ताईसाहेबांचं ऑफिस."

मागे गाडीचा आवाज होता. फोन भाऊजींच्या गाडीत होता.

"भाऊजी, तुम्ही... कुठं?"

"पुलावर. एकेरी केलाय पूल, डांबर टाकतायत. मुंगी बरी." मग त्याच आवाजात, "तू तिला फोन का केलास गं?"

"सहज."

"फोन घरी विसरलीय ती, मी सांगितलं होतं ना तुला? तुझ्या लक्षात राहतं सगळं. मग?"

"सवय हो. बोट जातं."

"सवय. हां." एक ट्रक त्यांच्या जवळून गेला असावा. "तुम्हा बहिणींचं काही ठरलेलं नाही ना?"

"आमचं काय ठरणार? कशाला जाताय तुम्ही मागे, उन्हातान्हात? हौस आली असेल, फिरेल, संध्याकाळी येईल घरी."

"येईल गं. येईलच." ते हसले. हे हसू मी ओळखत होते. सायकल सोडून लांब उभं राहिल्यावर हसायचे ते. "पण मी आणली म्हणजे कसं, पुन्हा पुन्हा जायचा तिला त्रास नाही."

फोन बंद झाला. मी तो टेबलावर पालथा ठेवला आणि हात मांड्यांखाली दाबून बसले. असं म्हणता येईल की मला काहीच माहीत नाही. ताईला खरंच काही झालेलं असेल, डोक्यात काही बिघडलं असेल, आणि हा बिचारा नवरा तिला शोधत हिंडतोय. त्याचा विनोद म्हणजे त्याची घाबरण्याची पद्धत. हा अर्थही या सगळ्यात बसतो, पण त्यासाठी एकेक गोष्ट सुटी करून बघावी लागते. कडी वेगळी, कपाट वेगळं, मनगट वेगळं, घुमणं वेगळं, प्रत्येकीसाठी एक निराळं कारण. आमच्याकडे इतकी निराळी कारणं कोणी मांडली तर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवतो. नदीपलीकडच्या स्टँडवरून लांबच्या गाड्या सुटतात, सगळ्या दिशांना. ताई आता तिथं पोचली असेल. बाकावर बसली असेल, नाहीतर उभीच, भिंतीला पाठ लावून; आणि तिची गाडी कधी सुटते ते मला माहीत नाही. तिला कळवायचं तर फोन नाही. मी जायचं तर शहर मध्ये आडवं, आणि ते पुलावर माझ्या कितीतरी पुढे. पोलिसांना काय सांगू? माझी बहीण बसमध्ये बसली? तिच्या उपयोगाचं असं माझ्याकडे एकच होतं, आणि तेही त्यांच्या खिशात मीच घालून बसले होते: ती कुठं आहे ते.

स्क्रीनवर पुसणं संपत आलं होतं. भिंत गेली होती. तळाशी, माझ्या जुन्या रेघेच्या बरंच खाली, एक बारका उंचवटा उरला होता, थोडक्या ठिपक्यांचा, पण जागचा न हलणारा. थिअरीवाला म्हणाला होता तिथंच, फुटायच्या काठावर. एरवी मी किंचाळले असते. आज मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मनात एवढंच आलं, की हे सगळं आधीपासून इथंच होतं.

डेटा बनवायचं पाप मी कधी केलेलं नाही. पण बनवलेला डेटा मी पाहिलाय, पकडलाय, आणि तो कशानं पकडला जातो ते मला ठाऊक आहे. खोटं बोलणारा फार खात्रीनं बोलतो. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. त्याच्या मोजमापाला चूक चिकटलेली नसते. आणि जो पचतो तो कसा पचतो तेही ठाऊक आहे: जिथं समोरच्याला काहीतरी दिसायलाच हवं असतं, नेमकं तिथं तो ठेवलेला असतो. भाऊजींना काय दिसायला हवंय? आजारी बायको.

मी दार लावलं आणि त्यांच्या नंबरवर फोन लावला.

"भाऊजी, माझी एक चूक झाली."

"तुझी? सूर्य कुठून उगवला?"

"थट्टा नको. मघापासून डोक्यात घोळतंय. ती स्टँडची पाटी मी वाचली ना, ती ताईच्या बसची नव्हती बहुतेक. सिग्नलला पुढे-मागे दोन होत्या. पाटी पुढचीची. ताईची बस नंतर डावीकडे वळली, मोठ्या हॉस्पिटलच्या रस्त्याला."

"बहुतेक?"

"बहुतेकच. मध्ये एक ट्रक आला. वळताना मागचा भाग तेवढा दिसला."

"हे मघाशी नाही बोललीस."

"मघाशी तुम्ही पिशवीचं विचारत होतात."

पुलावरचा रोलर ऐकू येत होता, एकसारखा. माझ्या कानाला फोनची काच चिकटली होती.

"मोठ्या हॉस्पिटलला ती कशाला जाईल?"

इथं उत्तर तयार होतं. चक्कर, डॉक्टर, तपासण्या, तुम्हाला काळजी नको म्हणून. सगळं जिभेवर आलं होतं, एकापाठोपाठ एक. मी गिळलं.

"ते मला कसं माहीत असणार? तुम्हीच सांगा. तिची तब्येत तुम्हाला माहीत."

"हातात फाइल होती?"

"पांढरं काहीतरी होतं पिशवीतून वर आलेलं. फाइल असेल. टॉवेलही असेल. मी शपथेवर नाही सांगणार."

ते हसले नाहीत. आज पहिल्यांदाच असं झालं. मग हळू, जवळजवळ मायेनं, म्हणाले, "मला न सांगता डॉक्टरकडे. बघ ना. माझ्या पाठीमागे कुणाकुणाला काय काय सांगते ही." आणि जरा थांबून, "तू ऑफिसातच आहेस ना?"

"हो. आज दिवसभर."

"ऑफिसच्या नंबरवर करीन मग. तुझा मोबाइल तळघरात लागत नाही ना नीट. आत्ता बरा लागला."

"दाराशी उभी आहे."

"पूल संपला," ते म्हणाले. पुलाच्या टोकाला रस्ता फुटतो, डावीकडे हॉस्पिटल, उजवीकडे स्टँड. सरळ काही नाही, समोर गोदामाची भिंत आहे. मला ऐकू आला तो त्यांच्या गाडीचा इंडिकेटर. टिक टिक, टिक टिक, संथ, अगदी शांत. कुठल्याही बाजूला वळा, आवाज तोच असतो. मग तो थांबला आणि फोन कट झाला.

मी खुर्चीत परत येऊन बसले. इथून हलायचं नव्हतं. ऑफिसचा फोन वाजला आणि मी जागेवर नसले, तर माझं खोटं तेवढ्यानं उघडं पडणार होतं. वाजला तर सहज उचलायचा होता, काम करणाऱ्या बाईच्या जरा वैतागलेल्या आवाजात. थिअरीवाला चहा घेऊन आला, स्क्रीनकडे बघितलं आणि कप हातात तसाच धरून उभा राहिला.

"दिसलं," तो म्हणाला. "अगं, दिसलं की हे! बोलत का नाहीस?"

"फोन येणार आहे," मी म्हटलं.

"कुणाचा?"

मी त्याला सांगायला लागले, पहिल्यापासून, हळू आवाजात. तो समोरच्या खुर्चीत बसला आणि त्यानं कप खाली ठेवला. सांगताना माझी नजर टेबलावरच्या त्या जुन्या करड्या फोनवर होती. माझी सगळी उमर काहीतरी नोंदलं जावं म्हणून वाट बघण्यात गेली. एक ठिपका, एक टिक, कुणीतरी येऊन आदळल्याची खूण. आता काहीही नोंदलं जायला नको होतं. हॉस्पिटलात शोधून ते चिडून फोन करतील, तर ती निदान तेवढा वेळ पुढे गेलेली असेल. आणि त्यांना ती सापडली, तरीही ते फोन करतील. सगळ्यात आधी मलाच करतील, आणि विनोद करतील. पहिल्या घंटेला यातलं कुठलं ते कळणार नव्हतं. थिअरीवाल्यानं हात लांब केला आणि फोनशेजारचा, यंत्रावर वारा घालणारा पंखा बंद केला, घंटा नीट ऐकू यावी म्हणून. खोलीत एकदम किती शांत झालं.